मुका पाळणा

उमरखेड

यवतमाळ जिल्ह्यात बाहेरचा माणूस जातो तो टिपेश्वरच्या वाघासाठी, नाहीतर कुणाच्या तरी लग्नासाठी. मी गेले ती पाळण्याच्या गाण्यांसाठी. हे सांगितलं की कोल्हापुरातले आमचे शेजारी आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या नवऱ्याकडे. त्यांचंही चुकत नाही. पन्नाशी उलटलेल्या बाईनं परक्या घरांत शिरून, तुम्ही लेकरू कसं निजवता हो, असं विचारत हिंडावं आणि त्याचा पगार घ्यावा, हे मलाही कधी कधी खरं वाटत नाही.

मी भाषाशास्त्र शिकवते. आमच्या विषयात एक सिद्धान्त फार लाडका आहे. भाषा म्हणजे संस्कृतीचं कोठार, आणि एखादं गाणं विसरलं गेलं की कोठारातला एक कणगा रिकामा झाला, असं तो सांगतो. म्हणून गाण्यांच्या आम्ही तीन अवस्था मानतो: जिवंत, क्षीण आणि लुप्त. मला हे कधी पटलं नाही. कोठार म्हटलं की माणसं नुसती राखणदार उरतात, आणि राखणदाराला डुलकी लागली म्हणून रागवायला आमच्यासारखे मोकळे. माझं म्हणणं वेगळं होतं. गाणी मरत नाहीत, कपडे बदलतात. देवाच्या पाळण्याची चाल राहते, शब्द नवे येतात, आणि त्याच चालीवर भीमाचा पाळणा होतो. एका ग्रंथासाठी या कोठारवाल्या सिद्धान्ताची चिकित्सा करणारं प्रकरण मला लिहायचं होतं. त्यासाठी एक खणखणीत उदाहरण हवं होतं. ते मिळेल अशा भरवशावर मी डिसेंबरात उमरखेडला उतरले.

भरवसा होता सुजाताबाईंचा. त्या निवृत्त प्राथमिक शिक्षिका, माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठ्या. गेली काही वर्षं त्यांनी माझ्यासाठी बंजाऱ्यांच्या तांड्यांवरून, आंध आदिवासींच्या वाड्यांवरून, मुसलमान मोहल्ल्यातून अंगाया जमवून आणल्या होत्या. एखादं गाणं मिळालं की फोनवर आधी म्हणून दाखवायच्या, मग अर्थ सांगायच्या, आणि शेवटी मला तीच ओळ परत म्हणायला लावायच्या. बाईंची सवय सुटत नाही म्हणतात ते खरं आहे.

या वेळी त्यांना पाहून मात्र मी चरकले. नेसलेलं पातळ अंगावर टांगल्यासारखं दिसत होतं. पोटात गाठ निघाली होती. नागपूरला ऑपरेशन ठरलं होतं, आणि वय पाहता डॉक्टर धड हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. हे सगळं त्यांनी मला ताटावर बसवून, वाढता वाढता सांगितलं. ज्वारीची भाकर, तुरीच्या डाळीचं वरण आणि बेसनाच्या पातोड्यांचा रस्सा. कोल्हापूरची आहे म्हटल्यावर तिखटाची काय तमा, अशा ऐटीत मी रस्सा ओरपला आणि डोळ्यांना धारा लागल्या. आमचं तिखट जिभेवर बोलतं, इथलं घशात उतरल्यावर तोंड उघडतं. सुजाताबाई हसल्या. त्यांचं ते हसणं पाहून मला बरं वाटलं.

जेवण झाल्यावर त्या म्हणाल्या, "मॅडम, एवढ्या सगळ्यायच्या माया काय गात होत्या थे म्यां तुमाले आणून देलं. पण माही माय काय गाये, थे मलेच ठाव नाही."

"गात नसतील त्या," मी म्हटलं. "कामाच्या रगाड्यात सगळ्यांना कुठं जमतं?"

"गाये ना! माह्या मोठ्या बहिणीले गाये. मधली एक होती, लहानपणीच गेली, तिलेही गाये. मले नाही गायलं. नुसती दोरी ओढे. मी चांगली चार वर्साची होईपर्यंत झोळीत निजत होती, मले आठवते. दोरीचा आवाज आठवते. मायचा नाही."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. थोरल्या बहिणीचं, पार्बताबाईंचं, पहिलं बाळंतपण माहेरी झालं तेव्हा सुजाताबाई दहा-अकरा वर्षांच्या होत्या. एकदा त्या पाणी घेऊन आत शिरल्या, तर आई थोरलीला दबक्या आवाजात सांगत होती की थे गाणं सुजापुढं काढायचं नाही, तिच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. दोघी एकदम गप्प झाल्या. पुढं आई गेली. सुजाताबाईंनी थोरलीला किती वेळा विचारलं, पण तिचं उत्तर एकच, मला काही आठवत नाही.

"तिसरी पोट्टी झाली म्हून," सुजाताबाई म्हणाल्या. "मायले पोरगा पाह्यजे होता. दोघींवर तिची माया आटून गेली अशीन. मी त्याचा राग नाही धरत मॅडम, त्या काळात असंच होतं. पण नागपूरले जाच्या आधी एकदा आयकाव वाटते. माह्यासाठी नसलं त नसलं, पण होतं तरी काय थे गाणं?"

पार्बताबाई आर्णीकडं एका खेड्यात असतात. सुजाताबाईंना आता बसचा धक्का सोसत नव्हता. "तुमी भाषावाले लोक," त्या म्हणाल्या. "तुमच्यापुढं बोलंल ती. मले नाही बोलत."

मी हो म्हटलं. त्यांच्यासाठी म्हटलं, आणि माझ्या प्रकरणासाठीही म्हटलं. त्यांच्या घरानं बौद्ध दीक्षा घेतली त्याच्या आधीचं गाणं, एका आईनं दाबून ठेवलेलं आणि एका म्हाताऱ्या लेकीला अजून ठाऊक असलेलं! असलं उदाहरण हातचं सोडणारा अभ्यासक मी तरी पाहिलेला नाही.

नदीकाठचं गाव

महागाव मागं पडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस लागतो. त्याच्या ओळींमधून तूर डोकावत असते, आणि वेचणीच्या बाया पोटाशी ओटी बांधून वाकलेल्या दिसतात. आमच्याकडच्या उसाच्या मुलखात शेतात शिरलेला माणूस दिसेनासा होतो. इथं सगळं उघडं. कोण किती वाकलं आहे तेसुद्धा रस्त्यावरून दिसतं. आर्णीला उतरून मी ऑटो केला आणि अरुणावतीच्या काठाजवळच्या त्या गावी गेले. गावाचं नाव इथं देत नाही. पार्बताबाईंनी देऊ नका म्हटलं आहे.

घर बौद्धपुऱ्यात, विहाराच्या मागं. सारवलेली ओसरी, निळ्या रंगाची चौकट, आत बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. मी हात जोडून नमस्कार म्हणाले. ओसरीवर वाती वळत बसावं तसं कापसातल्या सरक्या काढत बसलेल्या म्हातारीनं मान वर करून "जय भीम" म्हटलं आणि पुन्हा सरक्या काढायला लागली. त्याच पार्बताबाई. सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरच्या असतील. दोघी बहिणींची नावं ऐकली की मधून काय घडून गेलं ते कळतं. थोरली पार्बता आणि धाकटी सुजाता. एक छप्पनच्या दीक्षेआधी जन्मलेली, दुसरी दीक्षेनंतर.

मुलगा आणि नातू वेचणीला गेले होते. घरात होती नातसून वनिता आणि तिचं पाच-सहा महिन्यांचं बाळ. वनितानं चहा टाकला आणि माझ्या विचारण्याआधीच सांगून टाकलं, "आजी काही म्हनत नाई पहा मॅडम. आमच्या बचत गटाच्या बाया इतक्या डाव मागं लागल्या, पन नाई म्हंजे नाई."

"मले काई आठवत नाई," पार्बताबाई म्हणाल्या. "सुजानं धाडलं ना तुमाले? तिले सांगा, ताई बुढी झाली, सारं इसरली."

आमच्या धंद्यात यावर एक जुनी युक्ती आहे. माणसाला गाणं आठवत नसेल तर ते गाणं ज्या कामाबरोबर म्हणत ते काम त्याच्या हाती द्यायचं. जात्याच्या ओव्या हव्या असतील तर बाईला जात्यावर बसवायचं. हात फिरायला लागला की तोंड आपोआप चालतं. ही युक्ती मी अनेक ठिकाणी वापरली आहे आणि ती फसलेली मला ठाऊक नव्हती. बाळ किरकिरायला लागलं होतं. आढ्याला लुगड्याची झोळी टांगलेली होती. वनितानं बाळाला झोळीत घातलं तेव्हा मी तिच्या हातून दोरी घेतली आणि सहज केल्यासारखी पार्बताबाईंच्या हातात दिली.

त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. मग दोरी ओढायला लागल्या.

झोळी हलत होती, आढं कुरकुरत होतं.  बाळ थोडं रडलं, मुठी चोखल्या, पुन्हा रडलं. पार्बताबाईंचे ओठ मिटलेलेच होते. नुसते मिटलेले नव्हते, दातांनी धरून ठेवल्यासारखे दिसत होते. गळ्याची शीर तेवढी उडत होती. शेवटी बाळ झोपलं. त्यांनी दोरी खुंटीला अडकवली आणि म्हणाल्या, "गानं कायले लागते? दोरी हालली का लेकरू निजते."

मला राग आला. लपवून ठेवण्यात अर्थ नाही, चांगलाच राग आला. एक आजारी बहीण तिकडं वाट पाहते आहे आणि ही बाई हट्टानं तोंड मिटून बसली आहे, असं वाटलं. त्यात माझ्या युक्तीचा पचका झाल्याची चडफडही होतीच. वनिता मला चुलीपाशी घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "आजीनं तिची चारही लेकरं अशीच निजवली म्हन्ते. मी भीमाचा पायना म्हनतो, मोबाईलवरचंही म्हनतो, थे आयकते, आवडते तिले. पन सोता कदी म्हनत नाई. आमच्या घरात म्हातारीचा पायना मुकाच असते."

त्या रात्री मी तिथंच राहिले. अंबाडीची भाजी आणि भाकर खाल्ली. वनितानं भाजीत घातलेलं तेल पाहून माझा जीव दडपला, पण चव अशी की दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

तुरीच्या वावरात

सकाळी पार्बताबाई वावरात निघाल्या आणि मी त्यांच्या मागं. वय झालं तरी शेंगा तोडायला त्या रोज जातात. तुरीच्या हिरव्या शेंगा इथं मिठाच्या पाण्यात उकडून खातात, आणि बांधावर बसून शेंगा सोलताना माणूस बोलतं. हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं, बसल्यावर कळलं. दव अजून वाळलेलं नव्हतं. नदीकडून गारवा येत होता.

"तुमची माय काय म्हने?" त्यांनी एकदम विचारलं.

"कशाला?"

"तुमाले निजवतानी."

मी सांगितलं. आमच्याकडच्या अंगाईत चंदनाचा पाळणा असतो, रेशमाची दोरी असते. मामा घोड्यावर बसून येतो, बाळाला टोपरं आणतो, त्याला जरीचा गोंडा असतो. आई मला गावाची पाटलीण करायची, सोन्याच्या ताटात जेवायला वाढायची. घरात पितळेचं ताट धड नव्हतं, पण गाण्यात तरी सोन्याहून कमी काही चालायचं नाही.

पार्बताबाई तोंडाला पदर लावून हसल्या. "लय भारी! पाटलीन म्हने का? तुमी पाटलाच्या का?"

"हो. माहेर पाटलांचंच. आता पाटीलकी कुठली, पण घराला अजून तेच म्हणतात."

त्यांचं हसू हळूहळू गेलं. त्या शेंगा सोलत राहिल्या. मग, माझ्याकडं न बघता, म्हणाल्या, "मंग तुमच्याच दाराचं गानं होतं थे."

मी हातातली शेंग सोलून त्यांच्या ओटीत टाकली.

"तुमची माय तुमाले सपनात मोठं करे," त्या म्हणाल्या. "आमचं उलटं होतं. लेकरानं लहान राहाव म्हून थे गानं होतं. माह्या मायले तिच्या मायनं देल्लं, तिले तिच्या मायनं. पाटलाच्या दारात गेलं त चप्पल कुठं काढाची अन् कुठं उभं राहाचं. कोनाच्या सावलीत पाय टाकाचा नाई. हिरीकडं पाहाचं नाई, तहान लागली तरी. शिळं भेटलं त पदर कसा धराचा. कोनी मारलं त कोनता शब्द बोलाचा अन् कोनता नाई. सारं त्याच्यात होतं. लेकराले झोपतानी सांगे, म्हंजे जागेपनी चूक होनार नाई. लेकरानं चूक केली त बापाले मार बसे ना बाई. मायेपोटीच होतं थे. चाल मोठी गोड होती."

"तुम्हाला येतं ते?"

"पुरं येते. एक शब्द सुटला नाई."

आता मी जे केलं ते सांगते, कारण कुठल्याही अभ्यासकानं तेच केलं असतं. मी गाणं मागितलं. यंत्र लावत नाही, फक्त मला ऐकवा, म्हटलं. असं काही होतं हे पुढच्यांना कळायला हवं, नाहीतर कुणी म्हणेल असं काही नव्हतंच. हे मी मनापासून बोलले आणि आजही माझं मत तेच आहे.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. थोडा विचार केला. "बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "त्यायले सांगा का असं गानं होतं. काय होतं थेही सांगा. पन म्हनून दाखवू नका. गोड चालीचं गानं आहे बाई. तोंडात बसलं का निंगत नाई. कोन्या लेकराच्या कानात जाईन त काय करसान?"

मी वही मिटून पिशवीत ठेवली.

मग मी सुजाताबाईंचा विषय काढला. म्हटलं, "तुम्ही म्हणू नका. पण का म्हणत नाही, तेवढं तरी त्यांना सांगा."

"थे कसं सांगू? गानं आहे म्हटलं का थे म्हन म्हनंल. तिले ठावच पडू नये म्हून त मायनं..." त्या थांबल्या. "मायले शब्द देल्ला म्यां."

"मावशी," मी म्हटलं, "सुजाताबाईंना वाटतं, त्या तिसरी मुलगी झाल्या म्हणून आईनं त्यांना गाणं म्हटलं नाही. आईची माया त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही असं त्या धरून चालल्यात. आयुष्यभर."

पार्बताबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "काय म्हनता?" असं त्यांनी मला दोनदा विचारलं. मी सुजाताबाईंचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, दोरीचा आवाज आठवतो, आईचा नाही, तेसुद्धा. त्या ऐकत होत्या आणि मान हलवत होत्या, नाही, नाही, नाही. मग ओटीतल्या शेंगा बांधावर तशाच ओतून त्या उभ्या राहिल्या.

"चाला," त्या म्हणाल्या. "मले उमरखेडले घेऊन चाला."

पुन्हा उमरखेड

बसमध्ये पार्बताबाई खिडकीपाशी बसल्या आणि एक शब्द बोलल्या नाहीत, त्यामुळं मला माझ्या सिद्धान्तांशी भांडायला भरपूर वेळ मिळाला. कोठारवाले म्हणाले असते, गाणं लुप्त. पण ते तर त्या बाईच्या तोंडाच्या आत अख्खं होतं. मी म्हणाले असते, चाल तीच ठेवून शब्द बदलले. पण इथं कुणी काही बदललं नव्हतं, चालसुद्धा जाऊ दिली नव्हती. एका बाईनं ठरवून एक गाणं आपल्यापाशी अडवलं होतं, तिच्या लेकीनं ते पुढं आणखी सत्तर वर्षं अडवून धरलं होतं, आणि हे काम त्यांनी रोज, दोरी हातात असताना, केलं होतं. आमच्या तिन्ही अवस्थांत याला जागा नाही. आम्ही राखलेलं मोजतो आणि हरवलेलं मोजतो. माणसांनी विचार करून खाली ठेवलेलं मोजायचं आम्हाला सुचलंच नाही. लोकांची संस्कृती त्यांनी काय धरून ठेवलं यावरून ओळखतात, हे मी वर्षानुवर्षं पोरांना शिकवलं आहे. हे अर्धवट शिकवणं झालं. उरलेलं अर्धं त्यांनी काय पुढं जाऊ दिलं नाही यात असतं. माझा सिद्धान्त कोठारवाल्यांपेक्षा हुशार होता, पण तोही गाणंच शोधत होता.

दुपारी आम्ही पोचलो. सुजाताबाई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. बहीण दारात दिसली तशी त्या उठायला धडपडल्या. पार्बताबाईंनी त्यांना खांद्याला धरून परत टेकवलं आणि घाईत चप्पल पायातच ठेवून पलंगाच्या कडेवर बसल्या. कितीतरी वेळ त्या धाकटीच्या हाडकुळ्या हातावरून हात फिरवत होत्या. मी बाहेर जायला निघाले तर सुजाताबाई म्हणाल्या, "बसा मॅडम. तुमच्याशिवाय ही आली नसती."

मग त्या बहिणीला म्हणाल्या, "म्हण ना ताई. एकदा. मंग नागपूरले काय व्हाचं थे होऊ दे."

"नाई म्हनत," पार्बताबाई म्हणाल्या. "पन सांगतो. आयक."

आणि त्यांनी सांगितलं. मी ते जसं ऐकलं तसं लिहिते आहे.

"दीक्षा झाली तवा तू मायच्या पोटात होती. आपला बाप नागपूरहून आला, घरातले देव नदीत सोडले. माय म्हने, देव गेले त गेले, आता माह्या लेकरायले कोनाच्या दारात हात पसरून उभं राहा लागनार नाई. लय आनंदात होती. तू झाली. बारशाच्या दिशी तुले झोयीत टाकलं, दोरी धरली अन् मायनं तोंड उघडलं. त थेच गानं आलं. तोच पयला शब्द. माय दचकली. पुन्यांदा तोंड उघडलं, पुन्यांदा थेच. तिले दुसरं येतच नव्हतं सुजा. तिच्या मायनं तेच देल्लं होतं. मी खाली बसली होती, मी पायलं. मायनं पदराचा बोळा केला अन् तोंडात कोंबला. डोयातून पानी वाहून राह्यलं अन् हातानं दोरी ओढून राह्यली. मले म्हने, पार्बते, तुले म्यां थे पाजलं, थे आता निंगत नाई. पन हिच्या कानात जाऊ देऊ नको. दीक्षेनंतरची ही पयली आहे. हिच्यात थे नसाव."

सुजाताबाई एकटक पाहत होत्या.

"चार वर्सं तुले झोयीत निजवलं," पार्बताबाई म्हणाल्या. "चार वर्सं माय चूप राह्यली. आमाले दोघींले तिनं गानं देल्लं. तुले देल्लं नाई म्हन्तं का तू? तुह्यासाठी त तिनं सोताचं तोंड बांधून घेतलं, बाई."

 बाहेर कुठंतरी भंगारवाल्याची हाळी ऐकू आली आणि दूर गेली. सुजाताबाईंनी डोळे मिटले आणि रडल्या, आवाज न करता, तोंड बहिणीच्या खांद्यात खुपसून. मीही रडले. त्यात लाजण्यासारखं काही वाटलं नाही.

मग त्यांनी डोळे पुसले. शाळेतल्या बाईंनी वर्गात एखाद्या पोराकडं निरखून पाहावं तसं त्यांनी थोरलीकडं पाहिलं. "ताई," त्या म्हणाल्या, "माह्यात थे नाही. पण तुह्यात आहे ना? अजून आयकू येते तुले?"

पार्बताबाईंनी मान खाली घातली.

"रोज," त्या म्हणाल्या. "कोनाच्याही दारात पाय टाकतानी. सुनेच्या माहेरी गेली तरी. आता तुह्याही दारात आलं."

 सुजाताबाई पलंगावर भिंतीकडं सरकल्या, पोटावर हात दाबून, दुखत होतं तरी सरकल्या, आणि जागा करून बहिणीला म्हणाल्या, "चप्पल काढू नको. तशीच वर ये. वर ये ताई, इथं, मधात झोप."